अहमदाबादचा 'लाल' आणि पिंजऱ्यातले शेजारी

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आज सुरुवातीलाच चिवचिवाट आहे. (वाचणाऱ्यांसाठी: इथे दहा सेकंद झेब्रा फिंचचा आवाज ऐकवला आहे. लहान मुलांचं रबरी खेळणं दाबल्यावर येतो ना, अगदी तसा.)

आपल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. कॉलेजातला मुलगा आहे. घरी झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आहेत आणि आता बाजारात कोणीतरी त्याला 'लाल' नावाचे चार इवलेसे पक्षी देऊ करतंय. त्याचा प्रश्न एवढाच: "दादा, हे सगळे एका पिंजऱ्यात नीट राहतील का?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तरासाठी साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं. आणि गंमत म्हणजे तिथे गेल्यावर पहिला माणूस भेटतो तो आपल्या ओळखीच्या मुलखात फिरलेला आहे.

जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७२ च्या अखेरीला इंग्लंडहून निघाला आणि वर्षभराने मुंबईला उतरला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला होता, त्याचा वृत्तांत या फ्रायरच्या पुस्तकात आहे. १६७५ मध्ये फ्रायर स्वतः घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या मुघल सुभेदाराला डॉक्टर हवा होता. हे पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं, आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी आजही ते उघडलं जातं.

त्याच पुस्तकात, सगळ्या राजकारणाच्या आणि व्यापाराच्या गर्दीत, फ्रायर अहमदाबादहून येणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा उल्लेख करतो. अंगावर पांढरे आणि लाल ठिपके. एका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास. एक पुढारी गायला लागतो आणि मग बाकीचे त्याच्या सुरात सूर मिळवतात. डॉक्टरच तो, ठिपक्यांचा आकार सांगताना त्याला गोवराचे पुरळ आठवले!

हा पक्षी म्हणजे आपली लाल मुनिया. उत्तरेत नुसतं 'लाल' म्हणतात, मराठी पक्षीमित्र लाल मनोली म्हणतात. चिमणीपेक्षाही लहान. उसाच्या शेतात, पाणथळ जागेजवळच्या उंच गवतात, बोरूच्या बेटात राहणारी. आणि अहमदाबादहून आली म्हणून युरोपीय लोकांनी तिला गावाचंच नाव दिलं. अहमदाबादचं झालं 'अमदावाद', त्याचं 'अमदावत', आणि इंग्रजांच्या तोंडी शेवटी 'अवदावत'. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा शब्द दिला आहे. भारतात येऊन इंग्रजीत घुसलेल्या शब्दांचा तो कोश आहे. लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेव्हाही तेच गाव पुढे आलं: अमंडावा. आज तिचं पूर्ण शास्त्रीय नाव 'अमंडावा अमंडावा' आहे. म्हणजे अहमदाबाद-अहमदाबाद. एका शहराचं नाव दोनदा घेऊन फिरणारा पक्षी, आणि त्या शहरातल्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

आता फ्रायरच्या त्या पन्नासाच्या आकड्यावर जरा थांबू. पन्नास पक्षी एका पिंजऱ्यात ठेवले आणि ते मेले नाहीत, भांडले नाहीत, उलट गायले. हे कसं?

कारण मुनिया ही थव्यात राहणारी जात आहे. विणीचा हंगाम सोडला तर या कुळातल्या बहुतेक जाती एकत्र चरतात, एकत्र झोपतात, फांदीवर एकमेकींना खेटून बसतात. दाणे खाणाऱ्यांना जागेचा मालकीहक्क गाजवून फारसं काही मिळत नाही. गवताचं बी आज इथे पिकलं, उद्या तिकडे. त्यापेक्षा दहा डोळे एकत्र असलेले बरे, ससाणा आला तर कोणाला तरी दिसतो. किडे खाणारे बरेच पक्षी याच्या उलट. तिथे 'हे झुडूप माझं' असा हिशेब असतो. दयाळ पाहिलाय ना बागेत? दुसरा नर दिसला की कसा अंगावर जातो? तसे पन्नास दयाळ एकत्र ठेवून पाहिले असते तर फ्रायरला गाणं नाही, दवाखाना दिसला असता.

लाल मुनियाची आणखी एक खासियत. या कुळात बहुतेक नर वर्षभर एकाच रंगात असतात, पण लाल मुनियाचा नर कपडे बदलतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गवत बियांनी भरलं की तो लालबुंद होतो, त्यावर पांढरे ठिपके. विणीचा काळ संपला की पुन्हा मादीसारखा मातकट. त्या मातकट काळात नर एकमेकांना सहन करतात. लाल झाले की मात्र हिशेब बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जहाजावर कोण जगलं?

युरोपात हे पक्षी पोहोचले ते जहाजांनी, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, कित्येक महिन्यांच्या प्रवासात. सुएझचा कालवा १८६९ चा, त्याआधी दुसरा मार्गच नव्हता. त्या प्रवासात ताजे किडे कुठून मिळणार, फळं कुठून मिळणार? म्हणजे जो पक्षी नुसत्या कोरड्या दाण्यावर आणि पाण्यावर तगेल तोच पलीकडे जिवंत उतरणार. युरोपच्या पिंजऱ्यांमध्ये 'फिंच' म्हणून जे जमा झाले त्यांची पहिली निवड अशी झाली. आवडीनिवडी नंतर आल्या, आधी राळा आणि बाजरीवर जगण्याची परीक्षा.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. आपण ज्यांना दुकानात 'फिंच' म्हणतो ते बहुतेक खरे फिंच नाहीतच. मुनिया, झेब्रा फिंच, जावा स्पॅरो, गोल्डियन हे सगळे एका वेगळ्या कुळातले, आपल्या सुगरणीचे जवळचे नातेवाईक. खरा फिंच म्हणजे कॅनरी. पण बाजाराने नाव ठेवलं, ते चिकटलं. आपण तरी 'बजरीगर'ला 'लव्हबर्ड' म्हणायचं कुठे थांबवलंय?

जर्मनीत योहान बेखश्टाइन नावाच्या निसर्गअभ्यासकाने १७९५ मध्ये घरात पाळायच्या पक्ष्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे तोवर हा षौक राजवाड्यांतून निघून सामान्यांच्या खोल्यांमध्ये आला होता. १८७२ मध्ये कार्ल रुस याने फक्त पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी एक जर्मन नियतकालिक सुरू केलं. १८९४ मध्ये इंग्लंडात ॲव्हिकल्चरल सोसायटी निघाली आणि तिचं मासिक. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्या काळचे ग्रुप. लोक पत्रं पाठवायचे: माझ्याकडे अमुक जात आली, तमुक जातीबरोबर ठेवली, काय झालं ते असं.

आणि बरेचदा जे झालं ते वाईट झालं. कोण कोणाबरोबर राहू शकतं हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेल्या पक्ष्यांमधून आलेलं आहे. डोक्याची पिसं उपटलेली, पाय चावलेला, घरट्याबाहेर फेकलेली पिल्लं. शिवाय ते पक्षी पुन्हा मिळत होते, स्वस्तात, कारण भारतातून, आफ्रिकेतून, ऑस्ट्रेलियातून जाळ्याने पकडून पाठवणारे होते. एक मेला तर दुसरा. मला या सगळ्या इतिहासातली ही बाजू सगळ्यात जास्त खटकते. नोंदी फार सुंदर ठेवल्या त्या लोकांनी, पण त्या नोंदी स्वस्त जिवांवर उभ्या आहेत.

आपल्याकडे कलकत्त्याला इंडियन म्युझियममध्ये फ्रँक फिन नावाचा एक इंग्रज होता. (हो, फिंच नाही, फिन.) हा तिथल्या पक्षीबाजारात नियमित फिरायचा आणि भारतातल्या पाळीव पक्ष्यांवर त्याने भरपूर लिहिलं. तेव्हाच्या भारतात मुनिया पिंजऱ्यात असणं म्हणजे आज फिशटँक असण्याइतकं साधं होतं.

रबरी आवाजाचा ऑस्ट्रेलियन

आता त्या श्रोत्याच्या घरी आधीपासून राहणारा झेब्रा फिंच. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांतला, आणि तिमोरकडच्या बेटांवरचा. त्या भागात पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून हा पक्षी महिना बघत नाही, पाऊस पडला, गवत आलं, की लगेच घरटं बांधायला घेतो. आता असा पक्षी पिंजऱ्यात आणा. रोज पाणी, रोज दाणे. त्याच्या दृष्टीने रोजच पाऊस पडलाय! मग तो थांबतच नाही. अंडी घातली, त्यावर पुन्हा गवत अंथरलं, त्यावर पुन्हा अंडी. पाळणारे याला 'सँडविच' म्हणतात, आणि अगदी बरोबर म्हणतात. शेजाऱ्याचं घरटं रिकामं दिसलं की तेही भरून टाकतो, त्यात शेजाऱ्याची अंडी असली तरी.

म्हणजे झेब्रा फिंच भांडखोर आहे का? मला तसं वाटत नाही. तो दुष्काळी भागातून आलाय आणि त्याला सुकाळ सोसत नाही, इतकंच.

१९६० मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. तेव्हापासून जगभरातले झेब्रा फिंच हे पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची पिल्लं. आपल्या शहरातल्या दुकानात दिसतो तो झेब्रा आणि त्याचे आईबाप, आजोबा-पणजोबा, कोणीच ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही. असं म्हटलं तर तो आता कोंबडीसारखा झालाय. शास्त्रज्ञांनीही त्याला कोंबडीनंतर लगेच निवडलं: संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला कोंबडीनंतरचा पक्षी म्हणजे झेब्रा फिंच, २०१० मध्ये.

ऑस्ट्रेलियाचाच दुसरा पाहुणा म्हणजे गोल्डियन. जांभळी छाती, पिवळं पोट, हिरवी पाठ, कोणी लहान मुलाने रंगपेटी उपडी केल्यासारखा. पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८४४ मध्ये त्याला आपल्या पत्नीचं, एलिझाबेथचं नाव दिलं. ती उत्तम चित्रकार होती, त्याच्या पुस्तकांतली कितीतरी चित्रं तिची. ती १८४१ मध्येच बाळंतपणानंतर वारली होती. गोल्डियनमध्ये काळ्या डोक्याचे, लाल डोक्याचे आणि क्वचित पिवळ्या डोक्याचे असे प्रकार असतात, आणि अभ्यासात असं दिसलंय की लाल डोक्याचे नर जास्त दांडगाई करतात, बाकीचे त्यांना वाट सोडतात. एकाच जातीत, एकाच पिंजऱ्यात, नुसत्या डोक्याच्या रंगावरून कोण कोणाला घाबरतं ते ठरतं! मघाशी लाल मुनियाच्या रंगाचं लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी. लाल रंगाचे दोन नर, मग ते वेगवेगळ्या जातीचे का असेनात, विणीच्या दिवसांत एकमेकांना प्रतिस्पर्धी समजू शकतात. पाळणाऱ्यांचा जुना नियम हाच: एकसारख्या रंगाचे दोन छोट्या पिंजऱ्यात ठेवू नका.

दहा बहिणी

आता माझा सगळ्यात आवडता भाग. दुकानात 'बेंगॉलीज' नावाचा पक्षी मिळतो. पांढरा-तपकिरी, साधा. नाव बंगालचं, पण बंगालशी त्याचा काही संबंध नाही. हा जपानमध्ये तयार झाला.

अठराव्या शतकात चीनमधून जपानमध्ये पांढऱ्या पाठीच्या मुनिया नेल्या गेल्या. ही जात आपल्या सह्याद्रीतही आहे, पाठीवर पांढरा पट्टा असलेली. जपानी लोकांनी पिढ्यानपिढ्या त्यांतले शांत, पिल्लं नीट वाढवणारे, माणसाला न घाबरणारे निवडले. अडीचशे वर्षांत तो इतका मवाळ झाला की त्याचं जपानी नाव लिहिताना जी अक्षरं वापरतात त्यांचा अर्थ होतो 'दहा बहिणी'. एका घरट्यात आठ-दहा जण दाटीवाटीने झोपतात, म्हणून नाव अगदी शोभतं. दुसऱ्याची अंडी दिली तरी उबवतात. म्हणूनच गोल्डियनची पैदास करणारे लोक अंडी उचलून यांच्या घरट्यात ठेवतात आणि या बहिणी परक्याची पिल्लं आपली म्हणून वाढवतात.

पण याचा एक परिणाम होतो. क्लाउस इमेलमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने झेब्रा फिंचची पिल्लं बेंगॉलीजकडे वाढवायला दिली. ते नर मोठे झाल्यावर त्यांच्यासमोर दोन्ही जातींच्या माद्या ठेवल्या. बरेच नर झेब्राच्या मादीकडे पाठ करून बेंगॉलीजच्या मादीसमोर नाचायला लागले. लहानपणी चोचीत दाणा कोणी भरवला त्यावरून 'आपलं कोण' हे ठरलं होतं.

दुसरा अभ्यास कझुओ ओकानोया या जपानी शास्त्रज्ञाचा. पिंजऱ्यातल्या बेंगॉलीजचं गाणं त्याच्या रानटी पूर्वजांपेक्षा खूप गुंतागुंतीचं झालंय. का? रानात गाताना दोन काळज्या असतात. एक, शिकारी ऐकेल. दोन, आपल्यासारखीच दिसणारी दुसरी मुनिया शेजारी असते, तेव्हा गाणं असं हवं की ऐकताक्षणी जात ओळखू यावी. तैवानमधल्या रानटी थव्यांमध्ये हे मोजलं गेलं. जिथे पांढऱ्या पाठीच्या मुनियांच्या थव्यात ठिपकेवाल्या मुनिया जास्त मिसळलेल्या, तिथे गाणं साधं. जिथे कमी, तिथे गाणं जास्त रंगलेलं. शेजारी कोण आहे त्यावर गाणं बदलतं! पिंजऱ्यात दोन्ही काळज्या गेल्या आणि नर वाट्टेल तशा ताना घ्यायला लागले. माद्यांनाही त्या आवडल्या.

कॅनरीबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर स्वतंत्र भाग करायचाय. कॅनरी बेटांवरून स्पॅनिश लोकांनी आणलेला, जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या खाणकामगारांनी गायला तयार केलेला. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी न्यायचे, कारण पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं जे असेल ते फार पटकन शोषतात. १९८६ मध्ये तिथे यंत्रं आली आणि कॅनरी निवृत्त झाले. घरात पक्षी असेल तर एवढं मात्र आजही लागू आहे: नॉनस्टिक तवा रिकामा तापून जळला तर त्याच्या वाफेने तुम्हाला काही जाणवायच्या आत पक्षी मरू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका.

आपल्याकडे काय झालं?

फ्रायरच्या काळापासून लाल मुनिया पकडून विकणं चालूच राहिलं. स्वातंत्र्यानंतर तर भारत हा जिवंत पक्षी बाहेर पाठवणारा जगातला एक मोठा देश होता. पोपट आणि मुनिया, पेट्याच्या पेट्या. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, पण त्यात सुरुवातीला परवाना घेऊन काही पक्ष्यांचा व्यापार करता येत होता. १९९०-९१ मध्ये तीही वाट बंद झाली. देशी पक्षी पकडणं, विकणं, पाळणं, परदेशी पाठवणं, सगळंच बेकायदा. २०२२ मध्ये कायद्याच्या अनुसूची बदलल्या, पण मुनिया संरक्षितच राहिल्या.

कायदा आला म्हणून जाळी गेली नाहीत. अब्रार अहमद यांनी ट्रॅफिक-इंडियासाठी बंदीनंतर देशभरचे पक्षीबाजार पालथे घातले. भारतातल्या सुमारे १३०० जातींपैकी ४५० च्या आसपास जाती व्यापारात सापडल्याची ट्रॅफिकची नोंद आहे. त्यात मुनिया भरपूर. शिवाय एक घाणेरडी युक्ती: साध्या तपकिरी मुनियांना हिरवा, पिवळा, गुलाबी रंग देऊन 'परदेशी चिडिया' म्हणून विकायचं. पहिल्या आंघोळीत रंग उतरतो. तोवर विकणारा पुढच्या चौकात.

आणि हिरव्या रंगाची एक खरी मुनियाही आहे. हिरवी मुनिया, लालची सख्खी बहीण, जगात फक्त भारतात सापडते. अबूच्या डोंगरात आणि मध्य भारतात तुटक तुटक उरलीय. जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, आणि कारणांमध्ये पिंजऱ्यासाठी पकडणं हे ठळक आहे. लाल मुनिया अजून बऱ्याच ठिकाणी दिसते, तिची बहीण मात्र पिंजऱ्यांनीच कमी केली.

जावा स्पॅरोची कथाही अशीच. जावा-बालीच्या भातशेतीतला राखाडी, गुलाबी चोचीचा देखणा पक्षी. एके काळी शेतकऱ्यांची डोकेदुखी होता. पकडून पकडून आज तिथे दुर्मीळ झालाय, आणि हवाई, फिजीसारख्या ठिकाणी पळून गेलेल्यांचे थवे आहेत. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं नियंत्रण आहे, म्हणून आपल्याकडे तो पाळायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानदार हे बहुतेक वेळा सांगत नाही.

तर मग, राहतील का?

आता त्या मित्राच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. स्वभाव बघितला तर लाल मुनिया मिळून-मिसळून राहणारी आहे, आणि मोठ्या पिंजऱ्यात तिला झेब्राबरोबर ठेवणारे जगात बरेच आहेत. पण भारतात तुझ्या हातात येणारी लाल मुनिया म्हणजे जवळजवळ नक्की गवतातून जाळ्याने पकडलेली, आणि ती घेणं हा गुन्हा आहे. एक लाखापर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, एवढं त्यात आहे. 'पिंजऱ्यातच जन्मलीय' असं विकणारा म्हणेल, कायद्याला त्याने फरक पडत नाही. तेव्हा घेऊ नकोस. आणि तिची दया येऊन, 'मी घेतो आणि सोडून देतो' असंही करू नकोस, कारण तुझ्या पैशाने उद्या आणखी चार पकडल्या जातील. महाराष्ट्रात वन विभागाचा हेल्पलाइन नंबर आहे, १९२६. तिथे कळव. ज्यांच्या घरी आधीच आहे त्यांनीही गच्चीवरून उडवून देऊ नये. पंखांत ताकद नसते, आजार असू शकतो. वन विभागाकडे किंवा त्यांच्या उपचार केंद्राकडे द्या.

सोबत हवीच असेल तर बेंगॉलीज घे. दहा बहिणींचं झेब्राशी सहसा बिनसत नाही. फक्त झेब्रा त्यांची घरटी बळकावणार हे धरून चाल. झेब्राच्या दोनच जोड्या असल्या की एक जोडी दुसरीच्या मागे लागते, एक जोडी किंवा तीनाच्या वर जोड्या बऱ्या पडतात. पिंजरा उंचापेक्षा लांब हवा, कारण हे पक्षी आडवे उडतात, हेलिकॉप्टरसारखे वर जात नाहीत. बसायच्या काड्या दोन्ही टोकांना एकाच उंचीवर बांध. सगळ्यांना सगळ्यात वरची जागा हवी असते, ती एकच असली की रोज रात्री भांडण. मडकी लावायची तर जोड्यांच्या दुप्पट. आणि पैदास नको असेल तर मडकी लावूच नको, झेब्रा मादी अंडी घालून घालून थकून मरते. दाण्यात राळा, बाजरी, जोडीला कोथिंबीर-पालक, समुद्रफेन, आणि पिल्लं असताना उकडलेलं अंडं कुस्करून.

जावा स्पॅरो त्यांच्यात नको, चोच मोठी आणि स्वभाव दादागिरीचा. गोल्डियन चालेल, पण तो स्वतःच इतका भिडस्त की खायच्या भांड्याजवळ झेब्रा त्याला मागे सारतो, तेव्हा भांडी दोन-तीन ठेवावी लागतील. आणि बजरीगर किंवा खरे लव्हबर्ड, हे तर अजिबात नकोत. दुकानात एकाच जाळीत ठेवलेले दिसतात, त्यावर जाऊ नका. पोपटाच्या कुळातले पक्षी जाळीला धरलेल्या फिंचची बोटं तोडतात. अशी पाय नसलेली फिंच मी पाहिली आहेत, एकदा नाही, बरेचदा. नवा पक्षी आणला की महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचा, मगच ओळख करून द्यायची.

हे सगळं त्या जुन्या मासिकांमध्ये पत्र लिहिणाऱ्या लोकांनी एकेक पक्षी गमावून शिकलेलं आहे. आपल्याला मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं.

जाता जाता लाल मुनियाचं पुढे काय झालं ते सांगतो. युरोपात गेलेल्यांपैकी काही सुटल्या. स्पेनमध्ये पोर्तुगालच्या सीमेकडे ग्वादियाना नदी आहे. १९७० च्या दशकापासून तिच्या काठच्या वेळूत आणि शेतांत लाल मुनियांचे थवे रानटी होऊन राहतात. तिथे उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. तिथल्या देशी पक्ष्यांची वीण वसंतात उरकते. या मुनिया मात्र घरटी बांधतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, कालव्याच्या पाण्यावर गवत वाढलेलं असतं तेव्हा. आपल्याकडे भाद्रपद-आश्विन चालू असतो, आणि खानदेशातल्या एखाद्या उसाच्या फडात तिची चुलत-चुलत बहीण त्याच सुमारास घरट्यात गवत अंथरत असते.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या भागात लाल मुनिया कुठे दिसते ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. नेमकं ठिकाण मात्र सांगू नका, ऐकणाऱ्यांत पकडणारेही असतात.